गाणी जागेवरच आहेत, हरवली ती वही

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी काय समजलो ते तुम्हाला ताडून पाहता येईल. २०१४चा मॅक मिनी. इतकी वर्षं मोहावी या मॅकच्या जुन्या सिस्टिमवर आयट्यून्स सुखाने चाललं होतं. बँकेचं पान उघडेना म्हणून मुलाने एका रविवारी थेट माँटेरी ही पुढची सिस्टिम चढवली. आयट्यून्स गेलं, त्या जागी म्युझिक नावाचं दुसरंच काही आलं. ३८ हजारांवर गाणी यादीत दिसतात, पण त्यातल्या साधारण ११ हजारांपुढे उद्गारचिन्ह आहे आणि ती वाजत नाहीत. तुम्ही दिलेले तारे दिसत नाहीत. मुलाने घरात बसवलेल्या नासवर, म्हणजे घरच्या नेटवर्कवरच्या सामायिक साठ्यावर, काही गाणी दोनदोनदा दिसतात. आणि शेवटी तुम्ही विचारता, ‘सगळी यादी पुसून ड्राइव्हवरचे फोल्डर पुन्हा म्युझिकमध्ये ओढून टाकू का?’

नको. बाकी उत्तर निवांत वाचा, पण हे आत्ताच ऐका. यादी पुसू नका, काही ओढू नका, ‘कन्सॉलिडेट’ असं लिहिलेल्या कशालाही हात लावू नका, ‘सिंक लायब्ररी’ची खूण केली असेल तर काढा, आणि तुमचा तो १६० जीबीचा आयपॉड आज जोडू नका. अर्धवट यादीला आयपॉड जोडला की तो तिच्याशी जुळवून घ्यायला जातो. सध्या तो तुमच्या संग्रहाची एक चालती-बोलती प्रत आहे, तिला ड्रॉवरमध्येच राहू द्या.

आता कारण सांगतो. किराणा दुकानात माल फळीवर असतो आणि उधारी वहीत. आयट्यून्सने गाणी कधी पोटात ठेवली नव्हती, ती डिस्कवर साध्या फायली म्हणून पडलेली होती आणि आजही आहेत. आयट्यून्सकडे होती ती वही. कोणतं गाणं कुठल्या फळीवर आहे, तुम्ही ते किती वेळा ऐकलंत, शेवटचं कधी, किती तारे दिलेत, संग्रहात कधी आलं, कोणत्या प्लेलिस्टमध्ये कितव्या क्रमांकावर आहे, हे सगळं त्या वहीत. यातलं काहीही गाण्याच्या फाइलमध्ये लिहिलेलं नसतं. तुम्ही फोल्डर पुन्हा ओढलेत तर गाणी येतील, पण नव्या वहीत. ३८ हजार गाण्यांची ‘आत आल्याची तारीख’ आजची होईल आणि ऐकल्याचा आकडा शून्य. वडिलांच्या कॅसेटी २००९च्या उन्हाळ्यात कोणत्या क्रमाने उतरवल्या हे तुम्ही म्हणता तसं फक्त त्या तारखेवरून कळतं. ते कायमचं जाईल.

आयट्यून्स जानेवारी २००१मध्ये आलं, तेही साउंडजॅम नावाचं दुसऱ्यांचं सॉफ्टवेअर विकत घेऊन त्यावर बेतलेलं. पुढे त्यात व्हिडिओ, पॉडकास्ट, फोनचा बॅकअप, दुकान असं काय काय कोंबलं गेलं. ऑक्टोबर २०१९मध्ये मोहावीनंतरची कॅटालिना आली तेव्हा त्याचे तुकडे झाले: गाणी म्युझिककडे, चित्रपट टीव्हीकडे, पॉडकास्ट तिसरीकडे, आणि फोन-आयपॉड जोडायचं काम फाइंडरकडे, म्हणजे मॅकवर फायली दाखवतो त्याच्याकडे. वहीचा साचाही बदलला. आयट्यून्सची वही म्हणजे ‘आयट्यून्स लायब्ररी’ नावाची, आयटीएल शेपटीची एकच फाइल. म्युझिक पहिल्यांदा उघडताना ती वाचतं, तिच्यावरून ‘म्युझिक लायब्ररी’ नावाची नवी वही तयार करतं आणि जुनीला जागेवरच सोडतं. म्हणजे मोहावीच्या शेवटच्या दिवसापर्यंतची तुमची वही बहुधा अजून तिथेच, घरच्या म्युझिक फोल्डरमधल्या आयट्यून्स फोल्डरमध्ये पडलेली आहे. म्हणून म्हटलं, घाई करू नका.

पहिलं काम प्रतीचं. म्युझिक बंद करा. एखादी रिकामी ड्राइव्ह घ्या आणि त्या आयट्यून्स फोल्डरमधल्या, गाणी सोडून, सगळ्या सुट्या फायली तिच्यावर उतरवा. ‘प्रीव्हियस आयट्यून्स लायब्ररीज’ नावाचा एक फोल्डर दिसेल, तोही घ्या. आयट्यून्सची मोठी आवृत्ती बदलली की तेव्हाच्या वहीची एक प्रत तारीख घालून त्यात आपोआप जमा होत असे. अनेकांना तो फोल्डर आहे हेच माहीत नसतं आणि वेळप्रसंगी तोच उपयोगी पडतो. नवी ‘म्युझिक लायब्ररी’ही उतरवा, भले ती बिघडलेली वाटो. हे सगळं मिळून गाण्यांच्या मानाने चिमूटभर असतं, त्यामुळे कंजुषी नको.

आता तारे. ते बहुतेक गेलेले नाहीतच. म्युझिकने ते लपवले आहेत. प्रेफरन्सेसमध्ये ‘जनरल’ या पानावर ‘स्टार रेटिंग्ज’ची खूण करा, मग यादीत त्याचा रकाना चालू करा. तारे नाहीत म्हणून घाबरून लोकांनी जुना बॅकअप नव्यावर घातलेला मी दोनदा पाहिला आहे.

उद्गारचिन्हाचा अर्थ एवढाच की वहीत जो पत्ता लिहिला आहे तिथे फाइल सापडत नाही. फाइल नाही असं ते म्हणत नाही. तुमची २७ हजार गाणी आतल्या डिस्कवर आहेत, ती वाजतात. उरलेली ११ हजार बाहेरच्या ‘संगीत’ नावाच्या ड्राइव्हवर आहेत, ती वाजत नाहीत. आणि तुम्ही जाता जाता लिहिलंय की दोन वर्षांपूर्वी तिची एक प्रत केलीत आणि त्या ड्राइव्हचं नावही ‘संगीत’च ठेवलंत. माझा पहिला संशय तिथेच आहे.

मॅक प्रत्येक ड्राइव्हला ‘व्हॉल्यूम्स’ नावाच्या एका फोल्डरखाली जागा देतो. एकाच नावाच्या दोन ड्राइव्ह लावल्या तर जी आधी चढली तिला ‘संगीत’ मिळतं आणि दुसरीला गुपचूप ‘संगीत १’. गंमत अशी की फाइंडरमध्ये दोन्हींचं नाव ‘संगीत’च दिसतं, त्यामुळे तासन्‌तास बघूनही कळत नाही. वहीतला पत्ता ‘व्हॉल्यूम्स, संगीत, शास्त्रीय, अमुक’ असा. तुमच्या प्रतीत तेच फोल्डर आणखी एका ‘बॅकअप’ फोल्डरच्या पोटात आहेत. प्रत आधी चढली की पत्ता चुकला आणि ११ हजार उद्गारचिन्हं उगवली.

म्हणून असं करा. दोन्ही ड्राइव्ह काढा. फक्त प्रतीची ड्राइव्ह लावा, तिचं नाव बदलून ‘संगीत प्रत’ करा, बाहेर काढा. मॅक बंद करून चालू करा. आता मूळ ‘संगीत’ लावा, ती पडद्यावर दिसेपर्यंत थांबा आणि त्यानंतरच म्युझिक उघडा. हा क्रम लक्षात ठेवा, आधी ड्राइव्ह आणि मग म्युझिक. गाण्यांचा मुख्य फोल्डर बाहेरच्या ड्राइव्हवर असेल आणि ती न लावता म्युझिक उघडलं, तर ते काही न विचारता तो पत्ता आतल्या डिस्ककडे वळवून मोकळं होतं. मग पुढे आलेली नवी गाणी आत, जुनी बाहेर.

अर्ध्याहून जास्त वेळा प्रकरण इथेच संपतं. एखादं उद्गारचिन्हवालं गाणं दोनदा टिचकी मारून वाजवून बघा. वाजलं आणि चिन्ह गेलं तर बाकीचीही एकेक करून सुधारतील, यादी खाली-वर सरकवत राहा. न वाजल्यास ते ‘लोकेट’ करता का म्हणून विचारेल. हो म्हणा, हाताने ती फाइल दाखवा. एक दाखवली की याच पत्त्यावरून बाकीची हरवलेली शोधू का, असा पुढचा प्रश्न येतो. त्यालाही हो. ११ हजारांना वेळ लागतो, चहा टाका.

तरीही जमेना, तर वहीत नेमका कोणता पत्ता आहे ते डोळ्यांनी वाचावं लागेल. मोहावीच्या काळातली एक्सएमएल फाइल आयट्यून्स फोल्डरमध्ये सापडली तर उत्तम. ती म्हणजे वहीची वाचता येणारी नक्कल. तिच्यात प्रत्येक गाण्याखाली ‘लोकेशन’ अशी ओळ असते. देवनागरी नावं तिथे देवनागरीत दिसणार नाहीत, टक्क्याचं चिन्ह, ई, शून्य, पुन्हा टक्का, ए, चार अशी लांबच लांब माळ दिसेल. ते बिघडलेलं नाही, पत्त्यात देवनागरी अक्षरं तशीच लिहितात. आपल्याला बघायचं आहे ते सुरुवातीचं, ड्राइव्हच्या नावापर्यंतचं. याच फाइलमध्ये तारे १००पैकी असतात, म्हणजे ८० दिसलं की चार तारे. पूर्वी ही फाइल आयट्यून्स आपणहून ताजी ठेवायचं. कॅटालिनापासून ती सोय गेली, आता ‘फाइल’, ‘लायब्ररी’, ‘एक्स्पोर्ट लायब्ररी’ असं जाऊन स्वतः काढावी लागते. डीजे मंडळींची तेव्हा फार पंचाईत झाली होती, कारण त्यांची मिक्सिंगची सॉफ्टवेअर याच फाइलवरून गाणी ओळखत. महिन्याच्या पहिल्या तारखेला ती काढून ठेवायची सवय लावा. ती परत आत घेताना मी भरवसा ठेवतो तो प्लेलिस्टपुरताच. त्यापलीकडे, पूर्ण वहीला तिचा पर्याय समजू नका.

आणि नवी वहीच गडबडलेली निघाली तर? ऑप्शनची कळ दाबून धरून म्युझिक उघडा. कोणती लायब्ररी हवी असं ते विचारतं. जुनी आयटीएल फाइल, तिची प्रत हं, मूळ नव्हे, दाखवा. ती पुन्हा एकदा नव्या साच्यात ओतली जाईल. मधल्या काही दिवसांत भरलेली गाणी त्यात नसतील, पण ती पाच-पंचवीसच असतील.

सगळं जागेवर आलं हे कशावरून ठरवायचं? ‘व्ह्यू’मधून ‘स्टेटस बार’ चालू करा. तळाला गाणी किती, दिवस किती, जीबी किती हे आकडे येतात. तुमच्याकडे मोहावीच्या काळातला पडद्याचा एखादा फोटो असेल तर तेव्हाचे आकडे त्यात सापडतील. मी असा आकडा दर दिवाळीला कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहितो. बायको हसते.

कन्सॉलिडेटबद्दल एवढा कडक का बोललो ते सांगतो. ते बटण गाणी हलवत नाही, जिथे असतील तिथून मुख्य फोल्डरमध्ये त्यांची नक्कल करतं, आणि वहीतले पत्ते नकलेकडे फिरवतं. म्हणजे जागा दुप्पट लागते. २०१६मध्ये मी रात्री हे बटण दाबून झोपलो. आतली डिस्क अर्धी भरलेली होती, पहाटे ती गच्च भरून काम मध्येच थांबलं. अर्धी वही आत बघत होती, अर्धी बाहेर, आणि कोणती फाइल मूळ कोणती नक्कल हे सांगणारं कोणी नव्हतं. दोष माझाच, बटणावर लिहिलेलं मी वाचलं नव्हतं. निस्तरायला चार रविवार गेले. बटण वाईट नाही. नवी, रिकामी, पुरेशी मोठी ड्राइव्ह मुख्य फोल्डर म्हणून दाखवून सगळा संग्रह एकाच छताखाली आणायचा असेल तर त्याच्यासारखं दुसरं काही नाही. पण ते सगळ्यात शेवटी, उद्गारचिन्हं संपल्यावर.

‘सिंक लायब्ररी’चंही तसंच. ते तुमची गाणी ॲपलच्या भांडारातल्या गाण्यांशी जुळवतं, न जुळलेली वर चढवतं, एक लाखापर्यंत. दुसऱ्या यंत्रावर उतरताना ती २५६ केबीपीएस एएसी या दाबून लहान केलेल्या रूपात येतात, तुमची मूळ फाइल कितीही मोठी असो. नव्या चित्रपटगीतांना हे ठीक आहे. आपल्या संग्रहाला मला भीती वाटते. ‘मानापमान’ १९११ साली रंगमंचावर आलं. गोविंदराव टेंब्यांच्या त्यातल्या चाली गेल्या शंभर वर्षांत किती गळ्यांतून गेल्या असतील? नाव तेच, नाटक तेच, मिनिटंही जवळपास तीच. जुळवणाऱ्याने एकाच्या जागी दुसरा दिला तर तुमच्या फोनवर भलताच गवई गातो, आणि घरात तुमच्याशिवाय कोणाला ते कळतही नाही. ‘शो ड्युप्लिकेट आयटम्स’लाही हेच लागू. एकाच गायकाचे चार यमन त्याच्या लेखी एकाची चार रूपं. ऑप्शन कळ दाबून ‘एक्झॅक्ट’ ड्युप्लिकेट मागितले तरी लांबीचा रकाना बघितल्याशिवाय काहीही पुसायचं नाही.

तुमच्या लिहिण्यात एक वाक्य होतं, ‘टॅग वगैरे मी कधी भरले नाहीत, फोल्डरची नावं नीट आहेत.’ टॅग म्हणजे गाण्याच्या फाइलमध्येच लिहिलेली कलाकार, अल्बम वगैरे माहिती. यावर मला थोडं थांबायचं आहे, कारण अपग्रेड पुन्हा येणारच आहे.

तुमचा आयपॉड उघडून आतल्या लपलेल्या फोल्डरमध्ये डोकावलात तर एफ००, एफ०१ असे फोल्डर आणि त्यांत चार निरर्थक अक्षरांच्या नावाच्या फायली दिसतील. मूळ फोल्डरांची नावं तिथे टिकत नाहीत. तरीही त्या फायली दुसऱ्या मॅकवर ओढल्या की कलाकार, अल्बम, क्रमांक सगळं उभं राहतं, कारण ते फाइलच्या पोटात लिहिलेलं असतं. १९०२मध्ये कलकत्त्याला ध्वनिमुद्रण झालं तेव्हा गौहर जान गाणं संपताना ‘माय नेम इज गौहर जान’ असं म्हणत. तबकडीचं वेष्टन हरवलं, लेबल झिजलं, तरी शंभर वर्षांनी गाणारी कोण हे तबकडीच सांगते. टॅगचं काम याहून निराळं नाही. वहीवर माझा विश्वास नाही, कुठल्याही कंपनीच्या. जे महत्त्वाचं ते फाइलच्या पोटात.

आता आपल्या संगीताला ते रकाने बेतलेले नाहीत, हे खरंच. रागाला रकाना नाही, तालाला नाही, गीतकाराचा म्युझिकमध्ये दिसत नाही. माझी पद्धत अशी: ‘कंपोझर’मध्ये संगीतकार, ‘ग्रुपिंग’मध्ये राग, ‘कॉमेंट्स’मध्ये गीतकार, साथीदार आणि मुद्रण कुठून उतरवलं ते. नाट्यपद असेल तर ‘अल्बम’मध्ये नाटकाचं नाव. तुम्ही वेगळं ठरवलंत तरी चालेल, पण एकदा ठरवलं की बदलू नका. ग्रुपिंग निवडलं त्याचं कारण, स्मार्ट प्लेलिस्टला ते वाचता येतं. ‘ग्रुपिंगमध्ये भैरव आणि सहा महिन्यांत न ऐकलेलं’ अशी यादी मी सकाळी लावतो.

नावांचा गोंधळ सगळ्यांत मोठा. तुमच्या यादीच्या फोटोत भीमसेन जोशी चार ठिकाणी आहेत: एकदा ‘पं.’ लावून, एकदा ‘पंडित’ लिहून, एकदा नुसते, एकदा रोमनमध्ये. म्युझिकच्या दृष्टीने हे चार गवई. इंग्रजीतला ‘द’ वर्गवारी करताना ते सोडून देतं, पण ‘पंडित’ सोडायचं असतं हे त्याला कोणी शिकवलेलं नाही, त्यामुळे निम्मी मैफल ‘प’मध्ये जाऊन बसते. चारही गट निवडून एकदम एक नाव द्या. बिरुद ठेवायचंच असेल तर ‘सॉर्टिंग’ या पानावर नुसतं नाव लिहा. आणि भावगीतांच्या ज्या सीडीवर दहा गायक आहेत तिथे ‘अल्बम आर्टिस्ट’ भरा किंवा ‘कंपायलेशन’ची खूण करा, नाहीतर एक सीडी दहा फोल्डरांत विखुरते. हे करण्याआधी एक पाहून घ्या: ‘कीप मीडिया फोल्डर ऑर्गनाइझ्ड’ची खूण असेल तर मुख्य फोल्डरमधली गाणी टॅग बदलताच डिस्कवरही हलतात. मला ते आवडतं. पण तुम्ही हाताने रचलेल्या फोल्डरांवर जीव असेल तर खूण आधी काढा.

काही गाण्यांची नावं अर्धीच दिसतात असंही तुम्ही म्हणालात. ‘मल्लिकार्ज’ आणि पुढे काहीच नाही. जुन्या एमपी३मध्ये टॅगची पहिली आवृत्ती असते, तिच्यात नावाला जागा फक्त ३० बाइट. रोमन अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीला युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत तीन, आणि काना, वेलांटी, हलन्त यांचेही प्रत्येकी तीन. मल्लिकार्जुन हे एकच नाव ३६ बाइटचं. ‘ज’पाशी जागा संपली, उकार आणि ‘न’ बाहेर राहिले, मन्सूर तर दारापर्यंतही पोचले नाहीत. दुसरी खूण म्हणजे नावाच्या जागी डोक्यावर तिरपी रेघ असलेला रोमन ए आणि चार कोपरे असलेलं गोल चिन्ह पुन्हा पुन्हा दिसणं. ते देवनागरीच आहे, चुकीच्या चष्म्यातून वाचलेलं. दोन्हींवर उपाय म्हणजे टॅगची नवी आवृत्ती लिहिणारं एखादं साधन. मी एमपी३टॅग वापरतो, किड३ फुकट आहे. पिकार्ड ध्वनी ऐकून आपोआप नाव शोधतो, पण जुन्या मराठी मुद्रणांवर त्याला मोकळं सोडू नका, न सापडलेलं बरं, चुकीचं सापडलेलं वाईट.

फ्लॅक या आवाज न घटवता साठवणाऱ्या फायलींबद्दल एकच. म्युझिक फ्लॅक घेतच नाही, आणि घेत नाही असं सांगतही नाही. ओढलेल्या ढिगातून त्या फायली मुकाट्याने वगळल्या जातात. एक्सएलडी नावाच्या साधनाने त्या ॲपल लॉसलेसमध्ये आणा, आवाजातला एक कणही कमी होत नाही. उरलेल्या कॅसेटी उतरवाल तेव्हा २४ बिट, ९६ किलोहर्ट्झवर घ्या. एका मिनिटाला साधारण ३५ एमबी, म्हणजे ६० मिनिटांची कॅसेट दोन जीबीच्या आसपास. आजच्या ड्राइव्हच्या भावात हे काहीच नाही, आणि ती टेप पुन्हा वाजेल याची खात्री कोणी देत नाही.

ड्राइव्ह नवी घेतलीत आणि ती फक्त मॅकसाठी असेल तर फॉरमॅट करताना एपीएफएस पद्धत निवडा. एक्सएफएटी विंडोजवरही चालते म्हणून दुकानदार तीच करून देतात, पण लिहिता लिहिता लाइट गेली तर तिच्यात सावरण्याची व्यवस्था नसते. इन्व्हर्टर असला तरी मी ती टाळतो. तीन प्रती हव्यात, त्यातली एक दुसऱ्या घरात. तुमची मुलगी गावातच राहते ना? तिच्याकडे एक ठेवा.

राहिली नासवरची जुळी. हा प्रश्न मला फार आवडला, कारण ही बहुतेक मराठीचीच अडचण आहे. तुम्ही फोटोत दाखवलेली सगळी जोडनावं पाहिली: ‘वाऱ्यावर’, ‘दुसऱ्या’, ‘कऱ्हाड’. सगळ्यांत तो अर्धा ऱ. युनिकोडमध्ये हे अक्षर दोन तऱ्हांनी लिहिता येतं, एकसंध ‘ऱ’ म्हणून किंवा साधा ‘र’ आणि त्याखाली नुक्ता म्हणून. पडद्यावर दोन्ही अगदी सारखी. तुमची ‘संगीत’ ड्राइव्ह जुन्या एचएफएस प्लस पद्धतीची आहे, आणि ती फाइलचं नाव साठवताना अशी अक्षरं फोडून ठेवते. मुलाने त्याच्या विंडोजच्या लॅपटॉपवरून नासवर जी गाणी टाकली त्यांत ऱ एकसंध. मॅकला दोन्ही नावं एकच वाटतात, पण नासच्या आत लिनक्स आहे, तो एकेक बाइट मोजतो. त्याच्या लेखी ही दोन गाणी. हाच अर्धा ऱ (इंग्रजीत आयलॅश र) काही जण ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह देऊनही टंकतात, तेव्हा तिसरंही भावंड निघू शकतं.

मुलाला सांगा, नासवर कॉन्व्हएमव्ही नावाचं साधन चालवून सगळी नावं एकसंध रूपात आणायची. पहिल्या फेरीत ते नुसतं काय करणार हे दाखवतं, काही बदलत नाही, ती यादी वाचायची. त्या अदृश्य जोडचिन्हाच्या नावांना मात्र ते हात लावणार नाही, ती हाताने सुधारावी लागतील. पुढे मॅकवरून नासवर आरसिंक या प्रती करणाऱ्या साधनाने प्रत करणार असाल तर त्याची तिसरी आवृत्ती टाका. तिच्यात आयकॉन्व्ह नावाची सोय आहे, नावं जाता जाताच जुळवून देते. माँटेरीबरोबर येणारी जुनी २.६.९ आवृत्ती तिला ओळखत नाही.

आणि जुळ्यांतलं एक पुसण्याआधी दोन्हींची लांबी सेकंदापर्यंत बघा. माझ्याकडच्या अशाच एका जोडीत २१ सेकंदांचा फरक निघाला. लावून पाहिलं तर बंदिश तीच होती, पण एकीत तबल्याला दुसरंच कोणीतरी बसलं होतं.